फुलरचे टाके

माणदेशातल्या ढवळमाळ गावाच्या वरच्या अंगाला, बिरोबाच्या देवळामागे, काळ्या दगडात खोदलेले एक टाके आहे. उतरायला चार पायऱ्या, पाणी गुडघ्याच्या जरा वर. गाव त्याला फुलरचे टाके म्हणते. नाव ऐकले की पाहुण्यांना वाटते, कुणा साहेबाने बांधले असेल. तसे कुणी बोलून दाखवले की टाक्याची राखण करणारे म्हाकूअण्णा ढोबळे चिडतात.

"सायबानं यक दगूड हलवला न्हाई, पावनं. बसा. नाव का ठिवलं ते ऐकून जावा."

अण्णा सांगतात ते असे.

टाके खोदले सनगरांनी, म्हणजे घोंगडी विणणाऱ्यांनी. मागावरून उतरलेले घोंगडे विरळ असते. डोळ्यांपुढे धरले तर पलीकडचा माणूस दिसतो. ते पाण्यात घालून पायांनी तासन् तास तुडवायचे, तेव्हा लोकर आवळते आणि पाऊस बाहेर राहतो. मेंढरांमागे उघड्यावर राहणाऱ्या धनगराचे घर म्हणजे तेच घोंगडे.

पेशवाई बुडाल्यावर दोन-तीन वर्षांनी, म्हणे, कंपनी सरकारची एक तुकडी माळावर येऊन बसली. तिचा कप्तान फुलर. आल्या दिवशीच त्याने दवंडी पिटवली: टाक्याचे पाणी यापुढे घोड्यांचे, लोकरीची घाण त्यात चालणार नाही. मृग पंधरा दिवसांवर होता. अकरा घोंगडी मागावरून उतरून कच्ची पडली होती. शहाणी माणसे म्हणाली, यंदा कच्चीच न्या, पुढे बघू.

बाळाक्का सनगरीण मात्र ऐकेना. आधीच्या वर्षी घाईने नेलेल्या कच्च्या घोंगड्यात तिचा एकुलता लेक डोंगरावर गारठून मेला होता. 'पुढे बघू' म्हणजे काय, हे तिच्याइतके कुणाला ठाऊक नव्हते. तिने बिरोबाचा भंडारा कपाळाला लावला, एक कच्चे घोंगडे खांद्यावर टाकले आणि ती टाक्यात उतरली. पाणी मोकळे होईस्तोवर अन्न घेणार नाही, बाहेर येणार नाही, अशी तिने आण घेतली.

दोन दिवस ती तुडवत होती. घोडी तहानेने खिंकाळत होती, तरी शिपाई तिला हात लावीनात. तेही याच मुलखातले. देवाची आण घेतलेल्या माणसाला हात लावायचा तर आधी आपले आडनाव आणि घराण्याचा धंदा सांगायचा, अशी इथली रीत. सांगितल्यावर पुढचे पाप त्या घराण्यावर. कोण सांगणार?

तिसऱ्या दिवशी कप्तान स्वतः पायऱ्या उतरला, बुटांसकट. दुभाष्याने रीत समजावली. कप्तान हसला. आपल्या आडनावाला तो कशाला भिणार?

"फुलर," तो म्हणाला.

"आन् धंदा?" बाळाक्काने विचारले. "ह्याच्या घरची मानसं काय करत हुती?"

"लष्करात आहोत."

"बाच्या बाचा बा?"

दुभाष्याने विचारले. कप्तानाला आजोबांनी सांगितलेले आठवले, म्हणे. इंग्लंडच्या पूर्वेला एका ओढ्याकाठी त्याचे पूर्वज विणलेले लोकरी कापड पाण्यात तुडवीत. त्या तुडवणाऱ्यांनाच तिकडे फुलर म्हणत. पुढे एका जमीनदाराने ओढा अडवला आणि पाण्यावर चालणारे लाकडी हातोडे बसवले. माणसांच्या पायांना काम उरले नाही. फुलर गाव सोडून शहरात आले, शहरातून पलटणीत, पलटणीतून जहाजाने मुंबई बंदरात आणि तिथून घाट चढून या माळावर. तीन पिढ्यांत कुणाच्या पायाला लोकर लागली नव्हती, नुसते नाव सोबत आले होते. त्याने हे खरे सांगितले. एवढे मात्र त्याच्या पदरात टाकावे लागते.

बाळाक्का तुडवायची थांबली नाही. "मग बूट घालून हुबा का? लोकरीवर बूट देत न्हाईत, येवढं बी घरात कुनी शिकवलं न्हाई?"

शिपाई मान खाली घालून हसले. कप्तानाने बूट काढले. तो पाण्यात आला आणि त्याचे पाय, कधी न शिकलेले, टाच आधी आणि चवडा मागून असे बरोबर पडू लागले. बिरोबाची करणी म्हणतात ती हीच. दोघांनी मिळून ते घोंगडे पुरे केले.

गोष्ट इथे गोड होते असे पाहुण्यांना वाटते. अण्णा होऊ देत नाहीत.

कारण पाण्यातल्याच पायरीवर बसताना बाळाक्का म्हणाली, "तुज्या मानसांचं पानी गेलं, तवा त्यांची काय गत झाली तुला ठावं हुतं. ठावं असून तू आमचं न्यायला आलास. नेनता आसतास तर मी माफ क्येलं आसतं."

कप्तानाने तिथल्या तिथे घोडी लांब खालच्या नदीवर पाठवली. दवंडी उलटी फिरली. बाळाक्काला भाकरी आणली, पण तीन दिवसांच्या पाण्याने तिचे अंग थंड पडले होते. ती बसल्या जागीच गेली. तिने शेवटी सांगितले, म्हणे, की टाक्याला माझे नाव देऊ नका, मी घरचीच आहे. ह्याचे द्या. म्हणजे पुढे जो कुणी आपले म्हणून हे पाणी घ्यायला येईल, त्याला तुम्ही त्याच्या घरचा धंदा विचाराल.

म्हणून ते नाव. तो साहेबाचा मान नव्हे, त्याची जबानी आहे.

आजही टाक्यात उतरणारा प्रत्येक जण पायतण काढतो आणि आपले आडनाव व घराण्याचा धंदा मोठ्याने सांगतो. कारकून म्हणून भागत नाही. हाताचे किंवा पायाचे काम येईपर्यंत मागे जावे लागते. यंदा एका कचेरीतून एक गृहस्थ कागद घेऊन आले: टाक्याचे सुशोभीकरण होणार, लोकर तुडवण्यास मनाई. आत चार बाया तुडवीत होत्या. अण्णांनी कागद हातात घेतला नाही.

"आडनाव सांगा, सायेब. आन् घरचा धंदा."

"त्याचा इथं काय संबंध?"

"तेच सांगतुया. बूट काढा, बसा."

ते बसले नाहीत. कागद पायरीवर ठेवून गाडीकडे गेले. वाऱ्याने कागद पाण्यात उडाला. थोरल्या बाईने खाली पाहिले आणि टाच आधी, चवडा मागून, घोंगड्याबरोबर तोही तुडवला.