राणीचा तिसरा होकार

एका राज्यात नदीला रोज शीळ घालावी लागे. नदीचे नाव उनाडी, आणि ते तिने सार्थ केले होते. सूर्य उगवला की तिला पात्र सोडून शेतांत, बाजारात, लोकांच्या माजघरात हिंडायला जावेसे वाटे. तेव्हा राजवंशातल्या माणसाने घाटावर उभे राहून एक शीळ घालायची, की नदी निमूट अंग आवरून पात्रात पडून राही. दुसऱ्या कोणाची शीळ ती ऐकत नसे. सेनापतीने एकदा घालून पाहिली होती. त्याचे जोडे वाहून गेले.

त्या काळी गादीवर राणी बकुलावती होती. ती सोळाव्या वर्षीच गादीवर बसली, कारण तिच्या वडिलांचे, थोरल्या महाराजांचे, सारे दात काढावे लागले आणि दातांबरोबर शीळही गेली. तसे त्या राज्यात चाळिशी उलटलेल्या कोणाच्याच तोंडात दात नव्हते. राजवैद्य श्रीकंठ आपल्या चांदीच्या आरशात ज्याचे त्याचे दात पाहत, कीड दिसली की काढून टाकत. हात इतका हलका की कोणी कधी कण्हले नाही. लोक त्यांना दुवा देत आणि चकल्या दुधात बुडवून खात.

एके दिवशी राणीची दाढ दुखू लागली. वैद्य धावत आले. राणीला ते जन्मापासून ओळखत. पहिला दात येताना तिच्या हिरड्यांना मध त्यांनीच चोळला होता. त्यांनी आरसा तिच्या तोंडात धरला आणि एकेक दात पाहिला.

“राणीसाहेब, बत्तीसही दात आतून काळे पडले आहेत. सगळे काढावे लागतील.”

“सगळे?”

“एक जरी ठेवला तरी जबड्यात विष उतरेल. सांगवत नाही, पण दिसते ते सांगतो.” आणि त्यांचे डोळे भरून आले.

राज्याची रीत अशी, की वैद्याने तीन सकाळी विचारायचे आणि रोग्याने तीनदा हो म्हणायचे. तिसऱ्या होकारानंतर माघार नाही. दुसरी रीत त्याहून कडक. राजवैद्यांच्या निदानावर कोणी उघडपणे आणखी कोणाला विचारले, तर वैद्यांची पगडी उतरली असे समजायचे. एवढ्या मायाळू माणसाची पगडी कोण उतरवणार? म्हणून आजवर कोणी विचारले नव्हते.

राणी पहिल्या सकाळी हो म्हणाली. दुसऱ्या सकाळीही हो म्हणाली. मग घाटावर जाऊन तिने शीळ घातली आणि तिला रडू फुटले. तिची लेक केतकी अवघी सात वर्षांची. पुढचे दुधाचे दात पडलेले, एकच नवा दात नुकता वर आलेला. तिला शीळ जमायला अजून वर्ष तरी हवे होते. तोवर उनाडीला कोण थोपवणार?

थोरले महाराज काठी टेकत तिच्याजवळ आले.

“मी तिन्ही दिवस हो म्हणालो होतो,” ते म्हणाले. “आणि बकुळ, तेव्हा माझा एकही दात दुखत नव्हता. ते विचारायचे राहूनच गेले.”

“मी आता कोणाला विचारू, आबा?”

“सागाच्या रानात एक सुतारपक्षी आहे. कोणते खोड भरीव आणि कोणते पोकळ, ते त्याला कळते. तुझ्या हाती अजून एक दिवस आहे.”

राणी तडक रानात गेली. सुतारपक्षी माणसांसारखाच बोले, फक्त कमी बोले.

“मी लाकडातला जाणता,” तो म्हणाला. “पण पोकळ ते पोकळच वाजते. तोंड उघडा.”

त्याने चोचीने एकेक दात ठोकून पाहिला. एकतीस दात खणखणीत वाजले. डावीकडची, खालची, शेवटून दुसरी दाढ बद्द वाजली. मग त्याने झऱ्याचे गार पाणी तोंडात धरायला सांगितले. एकतीस दात गप्प राहिले आणि त्या एका दाढेतून कळ थेट कानात गेली.

“किडली आहे ती एक दाढ,” पक्षी म्हणाला. “पण वैद्यांनी जे पाहिले ते पाहिल्यावाचून मी त्यांना चुकले म्हणणार नाही. तिसरी परीक्षा त्यांच्या आरशाची. तो तुम्ही मागायचा.”

“तेच माझ्याने होणार नाही.”

“मग या दोन्ही वाया गेल्या.”

तिसऱ्या सकाळी दरबार भरला. सुतारपक्षी येऊन खांबावर बसला. वैद्य पुढे आले.

“राणीसाहेब, तिसरा होकार?”

राणी सिंहासनावर सावरून बसली. “वैद्यबाबा, हो म्हणण्याआधी मला आणखी एकाचे मत हवे आहे. तुमच्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे. एकदा काढलेले दात परत यायचे नाहीत, म्हणून.”

कोणी काही सांगण्याआधीच वैद्यांनी पगडी उतरवली आणि आपल्या पायांशी ठेवली. विरळ पांढऱ्या केसांचे त्यांचे डोके लोकांनी पहिल्यांदाच पाहिले आणि साऱ्यांनाच वाईट वाटले.

राणी सिंहासनावरून उतरली. तिने पगडी उचलली, झटकली आणि पुन्हा त्यांच्या डोक्यावर ठेवली.

“पगडी राहू द्या, बाबा. फक्त आरसा काढा.”

तिने आरशासमोर जाईचे फूल धरले आणि काय दिसते ते विचारले. वैद्यांना फुलावर काळा डाग दिसला. देवघरातला शंख धरला, शंखावरही डाग. मग तिने केतकीला पुढे बोलावले.

“हा दात परवा आला, बाबा. आत काय आहे?”

“कीड,” वैद्य म्हणाले. “फार जुनी...” आणि बोलता बोलता थांबले.

हा आरसा त्यांच्या आजोबांनी एका यक्षाच्या भांडारातून न विचारता उचलला होता. यक्षाने शाप दिला होता, की यात जो एकटा पाहील त्याला जिथे तिथे कीडच दिसेल. आजोबांनी ही गोष्ट घरात सांगितली नाही. चोरून आणलेल्या वस्तूबद्दल माणसे फारशी बोलत नाहीत.

“मलाही पाहू द्या,” म्हणत राणीने आपला गाल वैद्यांच्या गालाला लावला आणि दोघांनी मिळून आरशात पाहिले. डाग हलला. त्याला सहा पाय फुटले. तो मुंगी होऊन आरशाच्या कडेवरून उतरला आणि दाराकडे चालू लागला. आरशात केतकीचा दात स्वच्छ दिसत होता.

वैद्यांनी आपल्या हिरड्यांवरून जीभ फिरवली. ऐन तिशीत, याच आरशात पाहून, त्यांनी स्वतःचेही सगळे दात काढले होते. “मी सगळ्यांचे...” एवढेच म्हणून ते मटकन खाली बसले. राणीही त्यांच्याशेजारी फरशीवर बसली आणि त्यांचा हात धरून राहिली.

बऱ्याच वेळाने ते उठले, हात धुऊन आले आणि राणीची दाढ पुन्हा पाहिली.

“एकच आहे. तीही काढायला नको, कीड कोरून भरता येईल.” मग ते खांबाकडे वळले. “आपले काय मत?”

“माझेही तेच,” पक्षी म्हणाला.

राणी एका दमात तीनदा हो म्हणाली. लवंगेच्या अर्काने तिचा गाल बधिर केला गेला आणि दाढ चांदीने भरली गेली.

इकडे ती मुंगी वैद्यांच्या घरी पोचली. काढलेला प्रत्येक दात त्यांनी नावानिशी मडक्यात जपला होता. टाकून देववला नव्हता. मुंगीने आपला सारा गोतावळा जमवला. वैद्य घरी आले तेव्हा पाठीवर एकेक दात घेऊन मुंग्यांची रांग उंबऱ्यावर उभी होती. रांगेत पहिले दात त्यांचेच होते.

“तोंड उघडा,” मुंगी म्हणाली.

“आधी थोरल्या महाराजांचे,” वैद्य म्हणाले. “माझे सगळ्यांच्या शेवटी.”

राणीचा गाल संध्याकाळपर्यंत ताळ्यावर येईल असे सर्वांना वाटले होते. तो आला नाही. सकाळी ती घाटावर उभी राहिली, ओठ गोल करू लागली, पण नुसती हवाच बाहेर पडली. उनाडी एक पायरी चढली. दुसरी चढली. राणीच्या पैंजणांना पाणी लागले आणि तिने डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात महालाच्या सज्जातून शीळ आली. जरा बेसूर होती, वीस वर्षांत घातलेली नव्हती. नदी थबकली. तिने ती ओळखली, दोन्ही पायऱ्या उतरली आणि पात्रात जाऊन पडली. राणीने वर पाहिले. थोरले महाराज कठडा धरून उभे होते. ते रडत होते आणि त्यांचे बत्तीसही दात दिसत होते.

वैद्यांच्या दातांची पाळी सत्तेचाळिसाव्या दिवशी आली. राणी स्वतः गरम चकली घेऊन गेली. वैद्यांनी दुधाची वाटी बाजूला सारली आणि कोरडाच तुकडा मोडला. तो दाताखाली वाजला तेव्हा त्यांनी दोनदा मान हलवली आणि दुसरी चकली मागितली.

तेव्हापासून राजवैद्यांच्या पडवीत दोन आसने असतात. एक त्यांचे आणि दुसरे, ज्याचे मत घ्यायचे त्याचे. त्यावर कोणी बसले म्हणून कोणाची पगडी उतरली नाही.

अशी ही बत्तीस दातांची गोष्ट एका दाढेपाशी पुरी झाली. ज्याचे दात त्याच्या तोंडात, आणि नदी तिच्या पात्रात.