टोपण लावलेलं पेन

बोटीवरच्या नोकरीतल्या शेवटच्या फेरीत केळुसकर आणि डिमेलो यांनी मिळून एक भारी सिगार घेतला होता. घरी बायका ओढू देईनात, म्हणून तो सहा वर्षं डबीतच राहिला. आता डिमेलो कायमचा मुलाकडे कॅनडाला निघाला होता. आदल्या दुपारी दोघं कोट चढवून ‘सिगार लाउंज’ अशी पाटी असलेल्या नव्या हॉटेलात गेले.

डिमेलोने काडी ओढताच मॅनेजर धावत आला.

“इथे पेटवायचा नाही.”

“मग पाटी कसली?”

“वातावरणाची! जाणकार माणूस सिगार नुसता हातात धरतो. पेटवतात ते अडाणी.”

दोघं आळीपाळीने सिगारचा वास घेत डेकवरच्या संध्याकाळी आठवत बसले.

निघताना मॅनेजरने अभिप्रायाची वही पुढे केली. “छान लिहा हं, मालक रोज वाचतात.”

केळुसकरांनी टोपण न काढताच पेन पानभर फिरवलं आणि वही परत दिली.

“अहो, टोपण काढायचं राहिलं!”

“काढतात ते अडाणी,” केळुसकर म्हणाले. “जाणकार नुसतं हातात धरतो.”

डिमेलो पोट धरून हसला. दुसऱ्या दिवशी सिगार मात्र तसाच, न पेटता, विमानात बसला.