टिचकी आणि चोंदलेलं इंजिन

एक होती बेडकुली. एवढीशी, बोराएवढी. तिचं नाव टिचकी.

शेवंताक्काच्या वांग्याच्या मळ्यात एक पाट होता. पाटात पाणी वाहायचं, झुळझुळ झुळझुळ. टिचकी त्यात डुंबायची, डुबुक डुबुक.

एक दिवस पाणी आलंच नाही. पाट सुकला. दगडाखाली मूठभर चिखल उरला, बस्स. टिचकी त्यात बसली. तरी तिची पाठ तापली. वांग्याच्या रोपांनी माना टाकल्या.

टिचकी म्हणाली, "रडून पाणी येत नाही. विचारून येतं."

निघाली. टुपुक टुपुक.

"पाटा पाटा, वाह ना. मी डुंबू कुठं?"

पाट म्हणाला, "इंजिन चालेना. मी कसा वाहू?"

टुपुक टुपुक. विहिरीवर छोटं इंजिन होतं, लाल लाल.

"इंजिना इंजिना, चाल ना. पाट वाहीना, मी डुंबू कुठं?"

इंजिन म्हणालं, "नाकात धूळ, शेपटीत माती. हवा आत येईना, धूर बाहेर जाईना. अक्का साफ करीना. मी कसं चालू?"

टुपुक टुपुक. अक्का सावलीत बसली होती.

"अक्का अक्का, साफ कर ना. इंजिन चालेना, पाट वाहीना, मी डुंबू कुठं?"

अक्का म्हणाली, "नाक झटकते गं. पण धुराच्या नळीत कुंभारीण माशी घर बांधतेय. कुणाचं घर मी मोडायची नाही. कुंभारीण हलेना. मी कशी साफ करू?"

टुपुक टुपुक. नळीच्या तोंडाशी कुंभारीण माशी. घूं घूं.

"कुंभारणी कुंभारणी, हल ना. अक्का साफ करीना, इंजिन चालेना, पाट वाहीना, मी डुंबू कुठं?"

कुंभारीण म्हणाली, "मला अंडी घालायचीत. घर तर हवंच. दुसरं बांधायला माती भिजेना. मी कशी हलू?"

टुपुक टुपुक. माती पडली होती कोरडी ठाक.

"माती माती, भीज ना. कुंभारीण हलेना, अक्का साफ करीना, इंजिन चालेना, पाट वाहीना, मी डुंबू कुठं?"

माती म्हणाली, "पाट वाहीना. मी कशी भिजू?"

अगंबाई. फिरून फिरून पुन्हा पाटच.

टिचकी थांबली. डोळे मिटले. डोळे उघडले. मग कुंभारणीला घेऊन दगडापाशी आली.

"हा माझा चिखल. ओला आहे. घे."

कुंभारीण म्हणाली, "सगळा? मग तू कुठं बसशील?"

"पाण्यात," टिचकी म्हणाली.

कुंभारणीनं चिखल नेला, गोळी गोळी करून. घूं घूं. विहिरीच्या भिंतीवर नवं घर बांधलं. दगडाखाली काही उरलं नाही. टिचकीची पाठ कोरडी पडली, पोट कोरडं पडलं. तरी ती पाटातच बसली. हलली नाही.

माती भिजलेली मिळाली, कुंभारीण हलली.

कुंभारीण हलली, अक्का उठली. नळीत तार घातली, खर्र खर्र. जुनी माती पडली, भद्द. हवेची जाळी काढली, झटकली, टप टप. मऊ ब्रश फिरवला. जाळी पुन्हा बसवली, घट्ट. दोरी ओढली.

खुर्र. पुन्हा ओढली. खुर्र.

इंजिनानं हवा आत घेतली. धूर बाहेर सोडला. फट फट फट फट!

इंजिन चाललं, पाट वाहिला. पाट वाहिला, माती भिजली. झुळझुळ झुळझुळ. पाणी टिचकीच्या पायाशी आलं. पोटाशी आलं. पाठीवरून गेलं.

डुबुक.

वांग्याच्या रोपांनी माना वर केल्या. संध्याकाळी इंजिन थांबलं, थंड झालं. अक्कानं नळीच्या तोंडावर टोपण ठेवलं. म्हणाली, आता कुणी चुकून घर बांधायला नको.

पाणी आलं पाटात, टिचकी बसली थाटात.