केंजळे सरांचा चौकोन

त्या दिवशी धुकं असं काही उतरलं होतं, की शाळेच्या मैदानावरचे खो-खोचे दोन्ही खांब वरून अर्धेच दिसत होते. खाली जमीन आहे की नाही, ते पायानंच चाचपून बघायचं. थंडी बोचरी. गवतावर दव, दवात फक्कीच्या ताज्या पांढऱ्या रेघा, आणि मधल्या पट्ट्यातल्या एका चौकोनात केंजळे सर उकिडवे बसलेले.

"सर, उठताय ना आता?"

विचारणारा अंकुश खराडे. सरांच्या हाताखाली खेळून कप्तान झालेला, आणि आता या शाळेच्या संस्थेचा अध्यक्ष. घरही सरांच्या भिंतीला भिंत लावून. फरक एवढाच, की याच्या भिंतीला वर तीन मजले होते.

"नाही," सर म्हणाले.

अंकुशनं मागं वळून पाहिलं. खांब उपटायला बोलावलेला जेसीबी घुर्र घुर्र करत उभा होता. वर बसलेला यासीन हात चोळत या दोघांकडं बघत होता. दुपारी आमदार साहेब नव्या सभागृहाच्या भूमिपूजनाला यायचे होते. त्याच्या आत जमीन सपाट व्हायला हवी होती.

"सर, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय तुमच्या. डॉक्टरांनी खाली बसायचं नाही म्हणून सांगितलंय."

"डॉक्टर कुठं खो-खो खेळलाय?"

यासीन वरून खुदकन हसला. अंकुशनं डोळे वटारले, तसं त्यानं हसू गिळलं.

अंकुशनं मग आवाज मऊ केला. संस्थेच्या सभेत रुसलेल्या एखाद्या सभासदाला समजवावं, तसा.

"सर, सभागृह तुमच्याच नावानं होतंय. आख्ख्या तालुक्यात एवढं मोठं नाही. तुमची आठवण राहावी म्हणून चाललंय सगळं."

"आठवण?"

"हो."

"माझी?"

"तुमचीच की."

"अरे, मी समोर बसलोय..."

अंकुशनं खिशातला रुमाल काढला, तोंड पुसलं, परत ठेवला.

"दारातच तुमचा अर्धपुतळा बसवणार आहे. ऑर्डर देऊन झालीय."

सरांनी मान वर केली. पहिल्यांदाच.

"अर्धा म्हणजे? पाय नाहीत?"

"अर्धपुतळ्याला पाय नसतात सर."

"खो-खोच्या मास्तरला?"

आता मात्र यासीननं तोंड पलीकडं फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

"पोरांची सोय करणार आहे मी," अंकुश घाईनं म्हणाला. "ओढ्यापलीकडं जागा बघू. यापेक्षा मोठी."

"बघितलीस?"

"बघू की."

सरांनी मान परत खाली घातली.

"सर, माझ्यावर विश्वास नाही का तुमचा?"

"तुझ्यावर आहे. 'बघू'वर नाही."

हे अंकुशला लागलं. गावात त्याला असं तोंडावर बोलणारं आता कुणी उरलं नव्हतं. त्याच्या शब्दावर माणसं उठत, बसत. ठेकेदाराला त्यानं शब्द दिला होता, साहेबांना शब्द दिला होता. आणि हा एक म्हातारा, विटका स्वेटर घालून, गवतात बसून, सगळं अडवून धरतो. बरं, उचलून बाजूला ठेवावा, तर याच म्हाताऱ्यानं आपल्याला धावताना खांब धरून गर्रकन वळायला शिकवलेलं.

"हा काय खेळ नाही सर!" तो ओरडलाच.

"मग खेळाच्या मैदानावर कशाला आलास?"

"उठा म्हणतो ना मी!"

"तू म्हणतोस म्हणून कसं उठू? बसलेला गडी खो मिळाल्याशिवाय उठला, तर फाऊल. विसरलास?"

"खो पाहिजे? खो पाहिजे तुम्हाला?"

"नियम आहे."

अंकुश तणतणत सरांच्या पाठीमागं गेला. खाली वाकला. पाठीवर हात टेकवला... आणि त्या हाताला स्वेटराखालचं हाड लागलं. क्षणभर तो घुटमळला. मग दात-ओठ खात म्हणाला,

"खो!"

सर उठले. गुडघा कुरकुरला असेल, पण उठले ते खो मिळालेल्या गड्यासारखे, एका झटक्यात.

अंकुशनं सुस्कारा सोडला. यासीनला हात करावा, म्हणून मान वळवू लागला, तर आपण खालीच आहोत. सरांच्या चौकोनात. उकिडवे. दोन्ही हात रेघेच्या आत, मान ताठ, नजर समोर.

खो देणाऱ्यानं त्याच जागी बसायचं असतं. हे त्याच्या डोक्याला आठवायच्या आधीच अंगानं करून टाकलं होतं. कडक इस्त्रीची पांढरी विजार दवानं, मातीनं भिजून गुडघ्यापर्यंत काळी झाली होती.

"सर... ही फसवणूक आहे."

"कुणी बसवलं तुला?"



सर तोवर चालू लागले होते. एक पाय जरा ओढत, पण सरळ जेसीबीकडं. त्या पिवळ्या धुडासमोर जाऊन उभे राहिले. मातीनं माखलेल्या दात्यांवर पंजा ठेवला आणि आख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडले,

"बाद!"

"ओ आजोबा," यासीन वरून म्हणाला, "मी तर पळालोच नाही!"

"म्हणून तर बाद झालास. उतर खाली."

यासीननं अंकुशकडं पाहिलं. अध्यक्ष बसलेले. हुकूम नाही, हातवारा नाही. मग त्यानं किल्ली फिरवली. घुर्र घुर्र थांबली, आणि मैदान एवढं शांत झालं, की गवतावरून ठिबकणारं दव ऐकू यावं.

अंकुशला उठता आलं असतं. कुणी धरून ठेवलं नव्हतं. एक पाय त्यानं सरकवलाही... आणि परत घेतला. समोर धुक्यातून शाळेच्या पोरी पोरं येऊ लागली होती, सकाळच्या सरावाला. अध्यक्षांना असं बसलेलं बघून ती लांबच थबकली. मग त्यांतली एक ठेंगणी पोरगी, न विचारता, येऊन शेवटच्या चौकोनात बसली.

खिशात फोन वाजायला लागला. अंकुशनं काढून बघितला. आमदार साहेबांचा माणूस. वाजत राहिला, बंद झाला, पुन्हा वाजायला लागला.

सर फक्कीचं घमेलं काखोटीला मारून परत येत होते. जेसीबीच्या चाकाखाली पुसलेली रेघ त्यांना दिसली, तशी वाकून ती ओढायला लागले.

"सर..."

"हं."

"साहेब निघालेत. दुपारी इथं येऊन उभे राहतील. मी त्यांना काय सांगू?"

सरांनी रेघ शेवटपर्यंत नेली. हात झटकले.

"म्हणावं, शेजारचा चौकोन मोकळा आहे. तोंड तेवढं नियमाप्रमाणं उलट्या दिशेला करून बसा."