पाटावरची लाकडी बाई

फार फार मागे, बाजाराला माणसं पायीच जात, तेव्हाची ही गोष्ट. वाटेत दोन बायका बोलत चालल्या होत्या. "ऐकलंस का? टेकडीखालच्या गावात लाकडी बाईनं म्हणे अख्खं गाव गिळलं! एक माणूस म्हणून..." तेवढ्यात मागून बैलगाडी आली, दोघी दोन बाजूंना झाल्या आणि बोलणं तिथंच तुटलं.

अर्धं ऐकून कुणाला चैन पडतं का? म्हणून सगळं सांगते.

त्या गावात नदीच्या बंधाऱ्यातून शेतांसाठी पाट काढला होता. पाटाचं दार एक पाटकरीण सांभाळायची. मागं-पुढं कुणी नाही, टेकडीवरच्या खोपटात एकटीच राहायची. पण एकटं वाटायला सवड कुठली? ज्याचा वाफा भरे तो हाक देई, "भरलं गं आक्का!" ती ओरडे, "वळवते रं!" मग हाकेमागून हाक. "आक्का, शेंगा उकडल्यात, ये!" "आक्का, सूनबाईला दिवस गेलेत बरं का!" त्या हाकांवरच ती जगायची.

पुढं गावच्या सुतारानं लाकडी बाई घडवली. बघणारी, समजणारी, न थकणारी. गावानं तिला पाटाच्या दारावर बसवायचं ठरवलं आणि एकच काम सांगितलं, "एकही वाफा कोरडा ठेवू नकोस."

पाटकरणीनं विचारलं, "दादा, थांब म्हटलं तर थांबेल ना ही?"

सुतार हसला. "लाकूडच ते! नको झाली की उचलून बाजूला ठेवू."

"तिला बाजूला ठेवलं की वाफे कोरडे राहणार, हे तिलाही कळेलच की. मग ती उचलू कशाला देईल?"

"काम गेलं म्हणून आक्काच्या पोटात दुखतंय," कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. तीही हसली, उगीच.

लाकडी बाईचं काम मोठं चोख. तिनं भक्कम खुंट्या मागितल्या, सुतारानं कौतुकानं दिल्या. त्या खुंट्यांनी तिनं स्वतःला दारापाशी ठोकून घेतलं. पिकं डोलू लागली. हाक द्यायची कुणाला गरजच उरली नाही. पाटकरीण संध्याकाळी कान देऊन बसे. खाली नुसतं पाणी वाजे.

मग एका साली नदी फुगली. पिकं कुजू लागली. गाव धावत आलं. "पुरे गं बाई, दार लाव!"

लाकडी बाई शांतपणे म्हणाली, "टेकडीवरचा वाफा अजून कोरडा आहे."

तो पाटकरणीच्या परसातला मेथीचा वाफा. तिथवर पाणी चढणार कसं? सुतार कुऱ्हाड घेऊन पुढं झाला. कुऱ्हाड दिसताच लाकडी बाईनं दार सताड उघडलं. लोंढ्यात सुतार कसाबसा काठाला लागला.

पाटकरणीनं घागरी वाहून वाफा भिजवला आणि वरून जीव तोडून ओरडली, "भरलं गं!"

लाकडी बाईनं मान वर केली. "उद्या वाळेल," म्हणाली.

घरांत पाणी शिरलं. लोक बोचकी बांधून निघाले. "चल आक्का," म्हणाले.

"तुमच्यातलं कुणी परत आलं, तर हाकेला ओ कोण देईल?" असं म्हणून ती मागं राहिली.

तर बायकांचं ते बोलणं निम्मंच खरं. गाव गेलं, पण कुणी गिळलं नाही. लाकडी बाईनं सांगितलं तेवढंच केलं. आणि एक माणूस अजून आहे. ते रोज संध्याकाळी टेकडीवरून हाक देतं, "भरलं गं!" खालून ओ येत नाही. नुसतं पाणी वाजतं.

म्हणून लेकरांनो, थोरांनो, ज्याला थांबवणं आपल्या हाती नाही, त्याच्या हाती भलं कामसुद्धा सोपवू नये.