एकेचाळीस फोन आणि एक घोडा

ही गोष्ट फार जुनी नाही. फोन प्रत्येकाच्या खिशात आला, त्यानंतरची आहे. डोंगराच्या पायथ्याशी एक लहानसं गाव होतं आणि त्या गावात एक बाई एकटीच सॉफ्टवेअर बनवून पोट भरू पाहत होती.

आधी ती राजधानीतल्या एका मोठ्या कंपनीत होती. तिथे तीनशे माणसं मिळून एकच प्रचंड सॉफ्टवेअर बनवत. तिच्या वाट्याला त्यातलं एक बटण आलं होतं. दोन वर्षं तिने त्या बटणावर काम केलं आणि एका पाडव्याला राजीनामा देऊन ती गावी आईकडे परतली. निघताना साहेब म्हणाले, "पुढच्या पाडव्यापर्यंत तुझी जागा राखून ठेवतो. नाही जमलं तर ये. त्यानंतर मात्र विचारू नकोस."

परत जायची तिची मुळीच इच्छा नव्हती. म्हणून हे एक वर्ष तिच्यासाठी फार मोलाचं होतं.

गावात मोठं सॉफ्टवेअर कोणालाच नको होतं, पण बारीकसारीक अडचणी घरोघर होत्या. तिने एकेक अडचण उचलली आणि वर्षाच्या सुरुवातीलाच पाच छोटी ॲप्स तयार केली. गिरणीवाल्यासाठी एक, ज्यातून दळण झालं की त्या घरी निरोप जाई. शिंप्यासाठी एक, ज्यात साऱ्या गावाची मापं राहत. मंडपवाल्यासाठी एक, लग्नाला किती पातेली गेली आणि किती परत आली हे सांगणारं. बँडमास्तरांसाठी एक, म्हणजे एकाच मुहूर्तावर दोन वराती घेतल्या जाऊ नयेत. आणि पाचवं पाणी सोडणाऱ्या काकांसाठी.

टेकडीवर गावाची टाकी होती. सहा आळ्यांना वेगवेगळ्या वेळी पाणी मिळे. बाजाराच्या दिवशी वेळा बदलत, उन्हाळ्यात एक दिवसाआड पाणी येई, तेव्हा पुन्हा बदलत. हे सगळं लक्षात ठेवायचं काम त्या पाचव्या ॲपचं. वेळ झाली की काकांच्या फोनवर घंटा वाजे आणि फोन मोठ्याने म्हणे, "कुंभारआळी!" मग काकांनी त्या आळीची चावी फिरवायची.

पाचही जणांना तिने सांगितलं, "वर्षभर असंच वापरा. आसपासच्या गावांतल्या कोणाला हवं असेल तर त्यांनाही द्या. पाडव्याला उपयोगाचं वाटलं, तर वर्षाचे पैसे द्या."

"वर्षभर फुकट?" आईने विचारलं. "आणि पाच-पाच कशाला? एक धड करावं माणसानं."

"एकातून घर चालणार नाही, आई. पाचांतून थोडं थोडं आलं तर चालेल. आणि एखादं बुडालं तरी चार उरतील."

आईला ते पटलं, पण तिने तसं दाखवलं नाही.

पहिल्या महिन्यापासूनच बँडमास्तरांचे फोन सुरू झाले. ते बरोबर जेवायच्या वेळी येत.

"ताई, ॲप उघडल्यावर एक घोडा दिसला पाहिजे. बँड म्हटलं की घोडा आला."

तिने घोडा घातला. दोन दिवसांनी पुन्हा फोन आला.

"ताई, घोडा डावीकडे बघतोय."

"मग?"

"मग काय? वरात पुढं चालली आणि घोडा मागं बघतोय! लोक हसतील."

तिने घोडा वळवला. मग घोड्याने खिंकाळावं अशी सूचना आली. मग त्याच्या डोक्यावर तुरा हवा झाला. मग शेजारच्या गावच्या बँडवाल्याने आपल्या तारखा चोरून पाहू नयेत म्हणून कुलूप हवं झालं. आई ताट वाढताना म्हणे, "थांब, तुझ्या घोड्याची वेळ झाली." आणि खरोखर फोन वाजे.

खरं सांगायचं तर तिला या फोनांचा राग येत नसे. राजधानीत तिच्या बटणाबद्दल दोन वर्षांत कोणी एक शब्द बोललं नव्हतं. इथे निदान कोणीतरी रोज तिची आठवण काढत होतं.

गिरणीवाला आणि मंडपवाला महिन्यातून एकदा काहीबाही विचारत. शिंपी रस्त्यात भेटला की नुसती मान डोलवत असे. पाण्याच्या ॲपबद्दल मात्र वर्षभरात एकही फोन आला नाही.

माघ महिना लागला. पाडवा जवळ आला, तसं तिच्या लक्षात आलं की पाचही ॲप्सकडे एकटीने नीट बघणं होत नाही. बँडमास्तरांना आता वरातीचा नकाशा हवा होता आणि त्यालाच महिना लागणार होता. एखादं ॲप बंद करायला हवं होतं.

"कुठलं करू?" तिने आईला विचारलं.

"ज्याचा कोणाला उपयोग नाही ते."

"मग पाण्याचं."

"अगं, पण घंटा वाजते ना ती?"

घंटा वाजत होती हे तिलाही ठाऊक होतं. रोज किती फोनांवर घंटा जाते, तो आकडा तिच्या कॉम्प्युटरवर दिसे. एकेचाळीस फोन होते. कोणाचं नाव नाही, गाव नाही, नुसते आकडे.

"आई, घंटा जाते म्हणजे कोणी ती ऐकतं असं थोडंच आहे? जुने फोन असतील. कुठल्यातरी फडताळात पडून वाजत असतील. एकेचाळीस माणसं खरंच वापरत असती, तर वर्षभरात एकाला तरी काही अडलं असतं. बँडमास्तर एकटेच दिवसातून तीनदा फोन करतात."

तरीही ती न्यायाने वागणारी होती. तिने पाण्याच्या ॲपच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'फाल्गुनापासून ही सोय बंद होईल. वापरत असाल तर कळवा.' पंधरा दिवस तिने वाट पाहिली. एकानेही कळवलं नाही.

फाल्गुनाच्या पहिल्या दिवशी तिने घंटा बंद केली. त्या दिवशी कोणाचा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठ दिवस गेले. "बघ," ती आईला म्हणाली, "मी म्हणत नव्हते?" आणि ती निर्धास्तपणे वरातीच्या नकाशाला लागली.

नवव्या दिवशी त्यांच्या नळाला पाणी आलं नाही. दहाव्या दिवशी भलत्याच वेळी आलं आणि दहा मिनिटांत गेलं. अकराव्या दिवशी पुन्हा कोरडं. आळीतल्या बायका हंडे घेऊन टेकडीकडे निघाल्या, तेव्हा आईने हिच्या हातातही एक कळशी दिली. "जा. तुझ्या नकाशाने भात शिजत नाही."

टाकीपाशी गलका चालू होता. पाणी सोडणारे काका चाव्यांच्या चौथऱ्यावर खाली मान घालून उभे होते. वरच्या आळीत पाणी रस्त्यावरून वाहत होतं आणि खालची आळी कोरडी होती. सरपंच दोनदा येऊन त्यांना झापून गेले होते आणि आणखी एकदा चूक झाली तर दुसरा माणूस ठेवू, असं बजावून गेले होते.

"झोपता काय हो दिवसा?" एक बाई म्हणाली.

"वीस वर्षं झाली ना चाव्या फिरवून? आत्ताच कुठं विसरलात सगळं?" दुसरी म्हणाली.

आपली कळशीही रिकामीच आहे हे आठवून ती पुढे झाली आणि जरा जोरातच म्हणाली, "काका, तीन दिवस पाणी नाही आमच्याकडे. काही वेळ-काळ आहे की नाही?"

काकांनी मान वर केली. तिला पाहून ते एकदम ओशाळले. त्यांच्या गळ्यात एक प्लास्टिकची पिशवी होती आणि पिशवीत फोन होता.

"ताई, बरं झालं तुम्ही आलात," ते हळूच म्हणाले. "माझ्या हातून काहीतरी दाबलं गेलं बघा. घंटाच वाजेना. दोनदा पुसून पाहिला, उन्हात ठेवून पाहिला. वर्षभर फोन सांगायचा आणि मी फिरवायचो, त्यामुळं जुन्या वेळा डोक्यातून गेल्या. आठ दिवस अंदाजानं कसंबसं निभावलं, पण त्यात आता उन्हाळ्याच्या वेळा सुरू झाल्या. चुकतंय माझं."

तिने हातातली कळशी खाली ठेवली. "मला फोन का नाही केला?"

"तुम्हाला कशाला त्रास? वर्षभर इतकं नीट चाललं होतं. चूक माझीच असणार."

"आणि त्याआधी? वर्षभरात एकदाही नाही?"

काकांना प्रश्नच कळला नाही. "त्याआधी काय सांगणार? घंटा वाजते, हे सांगायला कोणी फोन करतं का?"

"ॲपवर मी लिहिलं होतं, बंद होणार म्हणून."

"उघडायला कुठं लागतंय ते? आपोआप वाजायचं की."

तिने पिशवीतून फोन घेतला आणि ॲप उघडलं. तिची सूचना पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत तशीच होती.

चार माणसांत बोलायची तिला सवय नव्हती. पण मागे बायका उभ्या होत्या आणि काका अजूनही मान खाली घालून होते. ती वळली. "यांची चूक नाही," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तिला पुन्हा सांगावं लागलं. "काकांची चूक नाही. घंटा मी बंद केली. मला वाटलं, कोणी ती ऐकत नाही."

गलका थांबला. मघाचीच बाई म्हणाली, "मग विचारायचं तरी होतंस, गं! टेकडी काय लांब आहे?"

ती तिथून सरपंचांकडे गेली, त्यांनाही तेच सांगितलं आणि मग घरी जाऊन घंटा सुरू केली.

"काका, बाकीचे चाळीस कोण आहेत?" तिने दुसऱ्या दिवशी विचारलं.

"आमच्यातलेच. आसपासच्या गावांत पाणी सोडणारे. मीच दिलं त्यांना. चांगलं आहे म्हणालो."

नकाशाचं काम तिने बाजूला ठेवलं आणि काकांकडून गावांची नावं घेऊन ती एकेका टाकीवर गेली. कधी एसटीने, कधी चालत. सगळीकडे साधारण एकच प्रकार झाला होता. घंटा थांबली तेव्हा प्रत्येकाला आपणच फोन बिघडवला असं वाटलं होतं आणि कोणी कोणाजवळ बोललं नव्हतं. सत्तावीस जणांनी घंटा पुन्हा सुरू झाल्यावर हुश्श केलं. चौदा जणांनी नको म्हटलं. त्यातल्या एका म्हाताऱ्याने तिला चहा दिला आणि भिंतीकडे बोट दाखवून सांगितलं, "हा कागद लावलाय आता. वाईट वाटून घेऊ नका, पण कागद बंद पडत नाही." ते चौदा जण पुन्हा कधीच परत आले नाहीत.

पाडवा आला. सत्तावीस जणांनी वर्षाचे पैसे दिले. बहुतेकांनी स्वतः येऊन दिले आणि फार न बोलता गेले. गिरणीवाल्याने दिले, मंडपवाल्यानेही दिले. शिंप्याने पैशांबरोबर आईसाठी एक पिशवी शिवून आणली. शेवटी ती बँडमास्तरांकडे गेली. त्यांच्या भिंतीवर एक मोठं कॅलेंडर होतं आणि त्यावर लाल पेनाने वरातींच्या तारखा लिहिलेल्या होत्या.

"घोडा झकास झाला हां, ताई! येईल त्याला दाखवतो."

"आणि तारखा?"

"तारखा आपल्या भिंतीवरच बऱ्या. येता-जाता दिसतात."

"मग ॲपचे पैसे..."

"पैसे?" बँडमास्तर खरोखरच चकित झाले. "अहो ताई, एवढ्या कल्पना तुम्हाला कोणी दिल्या? उलट मीच काही मागितलं नाही!"

परतताना तिला राग आला नाही. आपण वर्षभर काय मोजत होतो, याचं मात्र नवल वाटलं. त्या संध्याकाळी तिने सगळ्यांचे पैसे एकत्र मांडून पाहिले. थाटात राहण्याइतके नव्हते, दोघींचं घर चालण्याइतके होते. ते चौदा राहिले असते तर थोडं सुखाचं झालं असतं. तिने राजधानीला कळवलं, 'मी येत नाही.'

चैत्र संपायच्या आत ती पुन्हा काकांकडे गेली. मुद्दाम काही काम काढून नाही, नुसती विचारायला.

"काही अडचण, काका?"

"छे छे!"

"आवाज नीट येतो?"

"येतो की."

"आळ्यांची नावं बरोबर सांगतो?"

"अगदी बरोबर."

ती उठली नाही. काकूंनी दिलेलं पन्हं पीत पायरीवर बसून राहिली. बऱ्याच वेळाने काकांनी घसा खाकरला.

"अडचण अशी नाही. पण पहाटेची पहिली घंटा जरा मोठी आहे. हिची झोप मोडते."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग वर्षभर काय केलंत?"

"काही नाही," काका म्हणाले. "घंटेच्या अर्धा तास आधीच उठायचो आणि फोन घेऊन गोठ्यात जाऊन बसायचो. तिथं वाजली की यायचो."

आतून काकू हसल्या. तिने सोबतच्या पिशवीतला लॅपटॉप तिथेच पायरीवर उघडला आणि पहाटेची घंटा हळू केली. पाच मिनिटांचं काम होतं.

तात्पर्य: ज्याचं नीट चाललेलं असतं तो गप्प असतो, आणि ज्याचं बिघडतं तोही पुष्कळदा गप्पच राहतो, म्हणून कोणाला सोडून देण्याआधी त्याच्या दारी जाऊन विचारावं आणि उत्तर येईपर्यंत थोडं थांबावं.