बारीक दातांची कानस

एका खाडीकाठच्या गावात रुमाजी नावाचा सुतार राहत होता. वल्ही घडवण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण स्वतः होडीत पाय ठेवला, की स्वारीला भोवळ येई. म्हणून तो आपला काठावरच बसून काम करी. खाडीवर धुकं उतरे, पाणी हळूहळू वर चढे आणि रुमाजीची तंद्री लागे. आपली वल्ही पाणी कापत कुठवर जात असतील, हे तो मनातल्या मनात बघत राही.

एके सकाळी आवडमावशी त्याच्याकडे आली. पलीकडच्या तीरावर तिच्या लेकीचे दिवस भरले होते. गावातली माणसं मासेमारीला दूर गेलेली, तेव्हा मावशी एकटीच होडी घेऊन निघणार होती. पण म्हातारपणाने तिची बोटं आखडली होती. जाड दांड्याचं वल्हं हातातून निसटे.

"दुपारची भरती गाठायचीय रे बाबा," ती म्हणाली. "लेक वाट बघतेय."

तिच्या मुठीत मावेल इतकं बारीक केलं, तर एकसंध लाकूड मोडणारच. पण रुमाजीकडे साग आणि बांबूच्या पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून केलेली दोन वल्ही होती. त्यातलं एक घ्यायचं आणि मूठ घासायची, एवढंच काम उरलं होतं.

अशा जोडलाकडाला बारीक दातांची कानस लागते. ती वेळ खाते, पण पट्ट्या उचकटत नाही. हे रुमाजीला झोपेतही ठाऊक होतं. तरी त्याने मोठ्या दातांची उचलली, कारण ती भराभर चाले. भुसा हवेत तरंगू लागला. त्या खर्र खर्र आवाजात रुमाजीला पैलतीर दिसला, मावशीला बिलगलेली लेक दिसली. तेवढ्यात कानशीचे दात एका पट्टीत अडकले आणि मुठीजवळची लांब ढलपी उचकटून निघाली.

रुमाजीने इकडेतिकडे पाहिलं. मग भुसा डिंकात कालवून खाच बुजवली आणि वरून तेलाचा हात फिरवला. आता काही म्हणता काही दिसेना.

मावशीने वल्हं हातात घेतलं. मूठ अगदी बेतशीर बसली. ती तशीच निघाली.

"नीट बघून तरी घे, मावशी," रुमाजी चाचरत म्हणाला.

"तुझ्या हातचं आहे. मी कशाला बघू?"

रुमाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने वल्हं परत घेतलं आणि गुडघ्यावर टेकवून दाबलं. बुजवलेल्या जागीच ते कडकन मोडलं.

"चुकलो, मावशी. घाई केली, आणि वर झाकलंही."

"माझी भरती घालवलीस!" मावशी रागाने तिथेच काठावर बसली. रुमाजीने लगेच दुसरं वल्हं ओढलं आणि बारीक दातांची कानस हातात घेतली. भरती आली, ओसरली, तरी तो घासतच होता.

दुसऱ्या दिवशीच्या भरतीला मावशी निघाली. खाडीच्या मध्यावर पाण्याला मोठी ओढ होती. तिने होता नव्हता तो सगळा जोर लावला. वल्हं टिकलं.

ती पोहोचली तेव्हा बाळ जन्मून, रडून, झोपीही गेलं होतं. नातीचा जन्म काही मावशीला बघता आला नाही. पण आखडलेल्या बोटांनी तिने नातीला उचलून छातीशी धरलं.

तात्पर्य: चूक कबूल केली तर फार तर उशीर होतो, झाकली तर ती विश्वास ठेवणाऱ्याच्या जिवावर बेतते.